पेपरांचे गठ्ठे, हॅबिटिका आणि मोडीची कार्डे: चालढकलीवरच्या तीन साधनांचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या तीन तुकड्यांचे इतिहासाचे १७४ पेपर मी तपासायला घरी आणले आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले. वसुबारस झाली, भाऊबीज झाली, पाहुणे येऊन गेले, तरी गठ्ठ्यांची दोरी सुटली नव्हती. त्याच दिवसांत मी सगळा फराळ घरी केला, माळा साफ केला आणि वर्षभर राहिलेले पडदे शिवून टाकले. म्हणजे वेळ होता आणि अंगात उत्साहही होता. फक्त ते एक काम सोडून बाकीची सगळी कामे होत होती. पहिली उत्तरपत्रिका उघडली की दीर्घोत्तरी प्रश्नात मुलांनी काय लिहिले असेल, वर्गात आपण जीव तोडून सांगितलेले त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नसेल तर काय, या विचाराने पोटात गोळा येत असे, आणि तो गोळा नको म्हणून हात आपोआप दुसऱ्या कामाकडे वळत असे. चालढकल ही वेळेच्या नियोजनातली चूक नसून नकोशा भावनेपासून तेवढ्यापुरती सुटका करून घेण्याची धडपड असते, अशी मांडणी फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या अभ्यासकांनी २०१३ साली केली. ती वाचल्यावर मला बरे वाटले, पण पेपर काही त्यामुळे तपासले गेले नाहीत.

बेंगळुरूला नोकरी करणारी माझी भाची भाऊबिजेसाठी साताऱ्याला आली होती. तिने माझ्या फोनवर हॅबिटिका हे ॲप घालून दिले. तेव्हापासून मी ते रोज वापरते आहे, आणि त्याच्या जोडीला फॉरेस्ट व अंकी ही आणखी दोन साधनेही घेतली आहेत. तिन्हींचा अनुभव येथे लिहिते. मात्र बहुतेक जागा हॅबिटिकाला देते, कारण सांगण्यासारखे तेथेच सर्वांत जास्त आहे.

हॅबिटिका २०१३ साली हॅबिटआरपीजी या नावाने लोकवर्गणीतून उभे राहिले आणि २०१५ साली त्याचे नाव बदलले. त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे, फोनवर तसेच संगणकाच्या ब्राउझरमध्येही ते चालते आणि खेळाचा गाभा पूर्णपणे मोफत आहे. कल्पना अशी की तुमची रोजची कामे हाच खेळ. तुम्हाला एक छोटे पात्र मिळते आणि त्याच्या अंगात ५० गुणांचा जीव असतो. काम पूर्ण करून खूण केली की अनुभवाचे गुण आणि सोन्याची नाणी मिळतात, पात्र वरच्या पातळीवर जाते, मधूनच एखादे अंडे किंवा ते उबवण्याचे औषध हाती लागते आणि त्यातून पाळीव प्राणी जन्माला येतो. रोजचे म्हणून लावलेले काम चुकले की जीव कमी होतो. जीव शून्यावर आला तर एक पातळी, साठवलेली सगळी नाणी आणि अंगावरची एखादी वस्तू जाते. दहाव्या पातळीनंतर योद्धा, जादूगार, वैद्य किंवा चोर यांपैकी एक भूमिका निवडता येते. मी वैद्य झाले.

कामांचे तीन रकाने असतात. हॅबिट्समध्ये केव्हाही घडणाऱ्या बऱ्या-वाईट सवयी, डेलीजमध्ये ठरलेल्या वारी करायची कामे आणि टू-डूमध्ये एकदाच करायची कामे. नवशिक्या माणसाची चूक बहुधा तिसऱ्या रकान्यात होते, तशी माझीही झाली. मी तेथे देवनागरीत ‘पेपर तपासणे’ एवढेच लिहून ठेवले. टू-डूमधले काम पडून राहिले तर जीव जात नाही, पण त्याचा रंग बदलत जातो. पिवळ्या रंगात लिहिलेले माझे काम नारिंगी झाले, नंतर लाल झाले, आणि रोज ॲप उघडले की ते लाल काम डोळ्यांसमोर येऊ लागले. काम जितके जुने आणि लाल, तितके ते पूर्ण केल्यावर बक्षीस मोठे, अशी त्यात योजना आहे. परंतु माझ्यावर त्या आमिषाचा काही परिणाम झाला नाही. १७४ पेपर ‘एक काम’ म्हणून कोणाच्याच हातून होणार नाहीत, ही साधी गोष्ट त्या लाल रंगाने माझ्यापुढे आणून ठेवली.

मग भाचीच्या सांगण्यावरून ते काम मी डेलीजच्या रकान्यात नेले आणि असे लिहिले: ‘दुपारचा चहा झाल्यावर कप विसळायच्या आधी दहा पेपर’. त्याखाली पाच-पाच पेपरांच्या दोन उपनोंदी केल्या, कारण उपनोंदींतला काही भाग जरी पूर्ण झाला, तरी चुकलेल्या कामाचा फटका त्या प्रमाणात कमी बसतो. अमुक घडले की अमुक करायचे, असे प्रसंगाला बांधून ठरवलेले काम नुसत्या इच्छेपेक्षा अधिक तडीला जाते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली मांडले होते. हॅबिटिका हे तत्त्व शिकवत नाही. ते फक्त कामाला नाव द्यायला लावते, आणि नाव देताना माणसाला कामाचा आकार कळतो. माझ्या मते या खेळाचा खरा उपयोग एवढा आहे. नाणी, अंडी, तलवारी हा त्याचा पोशाख झाला.

पोशाख म्हटले खरे, पण त्यातल्या एका भागाने मला मनापासून बांधून ठेवले, आणि तो भाग म्हणजे सोबत. भाची, नाशिकला सातपूरच्या कारखान्यात पाळीने काम करणारा माझा धाकटा भाऊ आणि मी, अशी आम्ही तिघांची टोळी केली. टोळीला मोहिमेवर जाता येते. आमची पहिली मोहीम बॅसी-लिस्ट नावाच्या राक्षसी सापाविरुद्ध होती, जो न केलेल्या कामांच्या याद्यांचाच बनलेला आहे आणि ज्याच्या अंगात १०० गुणांचा जीव आहे. आपण दिवसभरात जी कामे करतो, त्यांचा मार दिवस संपताना त्याला बसतो. पण आपले रोजचे काम चुकले, तर तो केवळ आपल्यालाच नव्हे, तर टोळीतल्या सगळ्यांना मारतो.

तिसऱ्या दिवशी मी दहा पेपर घेतले नाहीत. सकाळी ॲप उघडले की कालच्या राहिलेल्या कामांची यादी समोर येते आणि त्यातले काही केले असून खूण करायची राहिली असेल, तर करून घ्या, असे विचारले जाते. खूण करण्यासारखे काही नव्हते. मी यादी तशीच पुढे ढकलली आणि घर आवरू लागले, तेवढ्यात भाचीचा फोन आला.

“मावशी, काल पेपर घेतले नाहीस ना?”

“तुला कसं कळलं?”

“अगं, टोळीच्या पानावर खाली तुझ्या नावानं आलंय. सापानं मला पण मारलं. आणि मामाला पण.”

ती हसत होती आणि तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण नाशिकला रात्रपाळी करून, घरी येऊन, झोपायच्या आधी आपला अर्धा तास व्यायाम निष्ठेने करणाऱ्या भावाच्या पात्राचा जीव माझ्या गठ्ठ्यांमुळे गेला, हे मला सहन झाले नाही. त्या संध्याकाळी मी वीस पेपर तपासले. स्वतःला दिलेला शब्द मोडायला मला वर्षानुवर्षे काही वाटले नव्हते. त्या दोघांना दिलेला शब्द मोडवेना.

रात्रपाळीवरून आठवले म्हणून सांगते: दिवस कितीला उलटायचा, ही वेळ ॲपच्या सेटिंगमध्ये बदलता येते. पाळीत काम करणाऱ्यांनी हे सर्वांत आधी करून घ्यावे, नाहीतर त्यांचा दिवस मध्यरात्रीच संपतो आणि चुकले नसलेले काम चुकलेले दिसते. आजारपण किंवा प्रवास आला, तर नुकसान थांबवून ठेवण्याचीही सोय आहे. तेवढ्या काळात आपल्या राहिलेल्या कामांची झळ आपल्याला किंवा टोळीला लागत नाही. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या आठवड्यात मी ती वापरली आणि परत आल्यावर अपराधी वाटले नाही. माझ्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. याआधी वापरलेल्या एका ॲपने, त्याचे नाव मी येथे घेत नाही, सलग दिवसांची माळ एका तापाच्या दिवशी तोडली आणि ती पुन्हा जोडून देण्यासाठी पैसे मागितले; त्याच दिवशी मी ते काढून टाकले होते.

मिळालेल्या नाण्यांतून खेळातल्या वस्तू घेता येतात, तशी स्वतः ठरवलेली बक्षिसेही लावता येतात. ‘शाहू कला मंदिरात नाटक’ याला मी ३०० नाण्यांची किंमत लावली आहे आणि तेवढी नाणी जमल्याशिवाय तिकीट काढत नाही. ही किंमत विचारपूर्वक लावावी. बक्षीस फार स्वस्त ठेवले, तर खेळाला अर्थ उरत नाही.

आता मर्यादा. काम खरोखर झाले की नाही, हे ॲप तपासत नाही. खोटी खूण करायला एक बोट पुरते. त्यामुळे ज्याला बाहेरचा कडक पहारेकरी हवा आहे, त्याच्यासाठी हे साधन नाही. दुसरे म्हणजे पात्राला कपडे घालणे, प्राणी जमवणे, त्यांना खाऊ घालणे यात सहज अर्धा तास जाऊ शकतो आणि चालढकलीला नवे घर मिळते. तिसरे, ऑगस्ट २०२३ मध्ये हॅबिटिकाने आपले सार्वजनिक गप्पांचे दालन आणि आवडीनुसार जमलेले गट बंद केले. ज्यांच्याजवळ स्वतःची टोळी नाही, अशा एकट्या माणसाला पूर्वी तेथे मिळणारा आधार आता तसा मिळत नाही, आणि सोबतीवाचून हा खेळ निम्माच राहतो. एकट्याने घेणार असाल, तर आधी एखादा भाऊ, मैत्रीण किंवा सहकारी राजी करा आणि मगच सुरू करा.

चौथी गोष्ट मी मर्यादा म्हणून नव्हे, तर इशारा म्हणून लिहिते. रात्री झोपण्यापूर्वी वाचन करण्याची माझी सवय लहानपणापासूनची आहे. उत्साहाच्या भरात मी तीही डेलीजमध्ये टाकली. दोन आठवड्यांनी लक्षात आले की मी पान वाचता वाचता घड्याळ बघते आहे आणि अर्धा तास झाला की खूण करून पुस्तक मिटते आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्या मुलांना चित्राबद्दल प्रशस्तिपत्र देण्याचे आधीच कबूल केले होते, ती मुले पुढे आपणहून चित्रे काढण्यात कमी वेळ घालवू लागली. मी वाचन त्याच रात्री यादीतून काढले. जे आपण आनंदाने करतोच, ते कृपया या खेळात आणू नका. येथे फक्त नकोशी वाटणारी कामे आणावीत.

फॉरेस्टबद्दल थोडक्यात. २०१४ साली आलेले हे तैवानी ॲप अगदी साधे आहे. १० मिनिटांपासून १२० मिनिटांपर्यंतची वेळ लावायची, पडद्यावर रोपटे वाढू लागते, आणि मध्येच फोनवर दुसरे काही उघडायला गेलात, तर ते वाळते. जमलेल्या नाण्यांतून एका वृक्षारोपण संस्थेमार्फत खरे झाड लावण्याची सोय सशुल्क आवृत्तीत आहे. पेपर तपासताना मी २५ मिनिटांचे रोप लावून फोन पालथा ठेवते. हॅबिटिका काम सुरू करायला लावते आणि फॉरेस्ट त्यातून उठू देत नाही. परंतु ज्याची चालढकल फोनमुळे होतच नाही, त्याला याचा उपयोग नाही. माझी निम्मी चालढकल फोनवर आणि निम्मी स्वयंपाकघरात होते, म्हणून ते मला निम्मेच लागू पडले.

अंकी हे प्रत्यक्षात खेळ नव्हेच. डेमियन एल्म्स यांनी २००६ साली तयार केलेली ही कार्डे घोकण्याची प्रणाली आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर आठवले तर ते कार्ड काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, मग काही महिन्यांनी पुढे येते. विसरले तर काही मिनिटांत परत येते. अँड्रॉइडवर ते मोफत मिळते. इतिहासाची शिक्षिका असूनही मला मोडी वाचता येत नव्हती आणि ‘पुढच्या उन्हाळ्यात शिकू’ असे म्हणता म्हणता वीस उन्हाळे गेले होते. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतात, मग हात न उचलता अक्षरे जोडत जातात, आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नसतो; त्यामुळे सुटी अक्षरे ओळखणाऱ्यालाही जोडून लिहिलेला शब्द अडतो. म्हणून मी आधी सुट्या अक्षरांची आणि नंतर जुन्या कागदांतून कापून घेतलेल्या जोडशब्दांच्या छायाचित्रांची कार्डे बनवली.

येथे एक सावधगिरी. आपण बदल केला नाही, तर अंकी रोज २० नवी कार्डे दाखवते, आणि चार दिवस खंड पडला की उजळणीचा असा ढीग साचतो की तो पाहूनच माणूस ॲप बंद करतो. मी नवी कार्डे रोजची पाचवर आणली आणि ‘अंकीची दहा मिनिटे, शाळेच्या बसमध्ये’ असे हॅबिटिकात लिहिले. भाचीच्या आणि भावाच्या जिवावर उदार व्हायला नको, म्हणून तेही होत गेले.

सहामाहीचे पेपर शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी दुपारी संपले. मेमध्ये माहेरी गेले, तेव्हा ट्रंकेतले पणजोबांचे खरेदीखत बाहेर काढले. पहिल्या ओळीतला ‘श्री’ आणि गावाचे नाव लागले, त्यापुढचे दोन शब्द लागले नाहीत. त्यांची छायाचित्रे घेऊन मी तेथेच ओसरीवर बसून दोन नवी कार्डे केली.