शेडवरचं पावसाचं पाणी: टाकीत साठवावं की बोअरमध्ये मुरवावं?

भोसरी-चाकणच्या कारखानदारांपुढचा हा नेहमीचा पेच. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिमी पाऊस पडतो. म्हणजे 1000 चौरस मीटरच्या पत्र्यावरून, 20 टक्के घट धरून, 5.6 लाख लिटर पाणी मिळतं.

खर्च टाकीलाच जास्त. 50,000 लिटरची टाकी 62-63 मिमी पावसात भरते; रोज 5,000 लिटर वापरलं तर दहा दिवस पुरते. पावसाळ्यात टँकर वाचतात, मे महिन्यात मात्र ती कोरडीच.

बोअर स्वस्त, पण खाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ. पाणी फक्त भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून मुरतं. कातळ अखंड असेल तर सगळा खर्च पाण्यात. म्हणून आधी बोअरमध्ये टँकरभर स्वच्छ पाणी सोडा आणि पातळी किती वेळात उतरते ते मोजा. गाळ गेला की भेगा बुजतात, त्या पुन्हा मोकळ्या होणं कठीण. पहिल्या 2 मिमीचं, म्हणजे 2000 लिटर पाणी बाहेर सोडा, वाळू-खडीची गाळणी मे महिन्यातच धुवा. पत्र्यावर तेलकट धूर बसत असेल तर बोअरचं नावच काढू नका. भूजल सगळ्यांचं आहे.

कूलिंग टॉवर, फ्लशिंग, बागेला रोज पाणी लागत असेल तर टाकी. जागा कमी, पत्रा स्वच्छ आणि बोअर पाणी पिणारी असेल तर पुनर्भरण, म्हणजे पाणी बोअरमध्ये मुरवणं.