कमरेचा पट्टा, 6,500 रुपये आणि आपली लाज

खोकला आला, शिंक आली, पाण्याचा हंडा उचलला की लघवी निसटते. बाळंतपणं झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बायकांत हे घरोघरी आहे आणि घरोघरी झाकलेलं आहे. आमच्या अमळनेर तालुक्यात आलेल्या टोळीने त्या झाकण्यावरच धंदा केला.

कापसाचे पैसे हाती आले की असली शिबिरं बरोबर उगवतात. समाजमंदिरावर फलक होता, ‘फक्त महिलांसाठी, तपासणी मोफत’. आत पांढरा कोट घातलेली बाई, प्रत्येकीला ‘ताई, ताई’. मुठीत धातूची कांडी धरायला द्यायची, लॅपटॉपवर रंगीत आकडे पळायचे, की लगेच निकाल: “ताई, खालचे स्नायू 70 टक्के निकामी. आता दुर्लक्ष केलं तर पिशवी काढावी लागेल.” पिशवी काढायचं नाव निघालं की भलभल्या बायांचं अवसान गळतं, हे तिला पक्कं ठाऊक. जाऊबाईंनी आणि मी एकेक पट्टा घेतला. 6,500 रुपयांना एक, सोबत चूर्ण. भिशीचे पैसे तिथेच गेले.

पट्टा कमरेला बांधून बटण दाबलं की थरथरायचा. बस्स, एवढंच. चुर्णाने जुलाब तेवढे झाले. शेवटी मुलाने शिवण उसवली, तर आत मोबाइलमध्ये असते तसली चिमुकली मोटर, दोन सेल आणि बाकी सगळा फोम. पावती काढून पाहिली तर तिच्यावर मालाचं नाव नाही, ‘देणगी’ लिहिलेलं! फोन बंद. पोलिसात जाऊ म्हटलं तर जाऊबाई म्हणतात, “माले लाज वाटस व माय, तठे काय सांगू?” टोळीला दुसरी हमी लागतच नाही.

पुढे जळगावला एका फिजिओथेरपिस्ट ताईंना दाखवलं. मुठीत कांडी धरून हे स्नायू मोजता येत नाहीत, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. हातमोजा घालून आतून तपासावं लागतं. व्यायाम मात्र फुकटचा. डॉ. केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी तो 1948 मध्ये मांडला, म्हणून केगल म्हणतात. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जे आवळतो, तेच आवळून वर ओढायचं. पाचेक सेकंद धरायचं, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट आणि कुल्ले ताठ करायचे नाहीत. लघवी करताना मध्येच धार अडवून सराव करायचा नाही; आमच्याकडे बऱ्याच जणी तेच करतात. शिंक येतेय वाटलं की आधीच आवळायचं, हंडा उचलतानाही तेच. तीन महिने नेमाने करावं लागतं, आठ दिवसांत गुण येईल म्हणणारा खोटा. मला आता खोकल्याची धास्ती राहिलेली नाही, जाऊबाईंना अजून थोडा त्रास आहे.

लघवीला जळजळ होत असेल, रक्त दिसत असेल, घाई इतकी की संडास गाठेपर्यंत धीर धरवत नाही, किंवा अंग बाहेर येतंय असं वाटत असेल, तर आधी डॉक्टर. शुगरही तपासून घ्या.

पट्टा घेतलेल्या बायांनी तो फेकू नका. पट्टा, पावती, फलकाचा फोटो जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन लावा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, एवढ्या रकमेला फी लागत नाही. तक्रारीत वस्तूचं नाव ‘कमरेचा पट्टा’ असंच लिहिता येतं, कशासाठी घेतला ते गावभर सांगायचं कारण नाही. हे ऐकल्यावर जाऊबाईंनी सही केली.