मानुका मध, यूएमएफ १५+ मोनोफ्लोरल: बॅचचा अहवाल बघूनच घ्या

मानुका हे न्यूझीलंडमधलं झुडूप, त्याच्या फुलांचा हा मध. यूएमएफ हा त्याची प्रत सांगणारा शिक्का, मोनोफ्लोरल म्हणजे मुख्यतः एकाच फुलाचा. चव मातकट, किंचित औषधी, शेवटी कडवट. पोत जेलीसारखा: ढवळला की सैल पडतो, ठेवला की पुन्हा घट्ट होतो. त्यामुळे आत अडकलेले बुडबुडे ही खोट समजू नका.

पैसे मोजायचे ते मेथिलग्लायॉक्सल या जंतुरोधक रसायनासाठी, म्हणजे एमजीओसाठी. मानुकाच्या मकरंदात डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन (डीएचए) असतं आणि मध काढल्यानंतरही महिनोन्‌महिने त्याचं एमजीओ होत राहतं. बहुतेक मधांची जंतुरोधक ताकद हायड्रोजन पेरॉक्साइडवर असते. ती उष्णतेने, उजेडाने घटते. एमजीओ बराच टिकाऊ. यूएमएफ १५+ म्हणजे किलोला किमान ५१४ मिलिग्रॅम एमजीओ, १०+ म्हणजे २६३. नुसतं 'अ‍ॅक्टिव्ह १५+' छापलेली बरणी मात्र वेगळी. तो आकडा पेरॉक्साइडचाही असू शकतो.

खरी गोम पुढे आहे. मध उबेत ठेवला की एमजीओ लवकर चढतं, पण सोबत एचएमएफही चढतं, म्हणजे मध तापला किंवा जुना झाला की त्यातल्या साखरेपासून बनणारं रसायन. एचएमएफची मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम. अहवालात एमजीओ भरपूर, एचएमएफ या मर्यादेला टेकलेलं आणि डीएचए तळाला गेलेलं दिसलं, तर ती बॅच जुनी किंवा ऊब देऊन पिकवलेली समजा आणि सोडून द्या. डीएचए अजून भरपूर असेल तर आकडा वाढायला वाव आहे.

वरून एमजीओ किंवा डीएचए मिसळलेला मधही नुसत्या एमजीओ चाचणीत पास होतो. तिथे लेप्टोस्पेरिन हे रसायन उपयोगी पडतं: ते मानुकाच्या मकरंदातूनच येतं, साठवणीत टिकतं आणि कृत्रिमरीत्या मिसळणं अवघड असतं. यूएमएफ चाचणीत ते मोजतात, म्हणूनच माझा कौल यूएमएफच्या शिक्क्याला.

'मोनोफ्लोरल' शब्दाला न्यूझीलंडमध्ये निर्यातीपुरता सरकारी अर्थ आहे. २०१८ पासून चार रसायनं आणि एक डीएनए चाचणी लागते. त्यांतलं ३-फिनाइललॅक्टिक आम्ल मोनोफ्लोरलमध्ये किलोला किमान ४०० मिलिग्रॅम हवं, मल्टिफ्लोरलला (मिश्र फुलांच्या मानुका मधाला) २० पुरतं. फरक केवढा ते बघा! परागकण मोजून भागत नाही, कारण कानुका या मानुकासारख्याच झुडपाचे पराग जवळपास तसेच दिसतात.

जखमेवर ही बरणी वापरू नका. त्यासाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. वर्षाखालच्या बाळाला कुठलाच मध नको. नुसता खायला हवा असेल तर १०+ घ्या, आणि उकळत्या चहात घालू नका, सुगंध उडून जातो.