राखणीला उंचावर बसायचं कशावर? क्लाइंबर, शिडी-स्टँड की आपला माळा

भात निसवायला लागलं की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीपासून गुंजी-लोंढ्यापर्यंत, घरातलं कुणी ना कुणी रात्री शिवारात वस्तीला असतं. गव्यांचा कळप थोड्या वेळात खाचर चरून, तुडवून मोकळा होतो. डुकरं खातात त्यापेक्षा लोळून जास्त नासवतात. खोप घालून जमिनीवर बसण्यापेक्षा उंचावर बसलेलं बरं, हे सगळ्यांनाच पटतं. प्रश्न येतो तो कशावर बसायचं याचा. अलीकडे तरुण पोरं मोबाईलवर अमेरिकेतला झाडावर चढणारा स्टँड बघतात आणि "काका, हा मागवूया का?" म्हणून विचारतात. त्यांनी पैसे घालायच्या आधी वाचावं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

हा स्टँड, ज्याला तिकडे क्लाइंबर म्हणतात, मुळात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांसाठी बनलाय. बाणाचा नेम साधारण वीस-तीस यार्डांतच भरवशाचा असतो. त्यामुळे शिकाऱ्याला हरणाच्या वाटेजवळ, पण त्याच्या नजरेच्या वर पंधरा-वीस फुटांवर बसावं लागतं. हरणांची वाट बदलली, वारा फिरला की झाडही बदलावं लागतं. पाठीवर घेऊन हिंडायचं, हवं त्या झाडाला लावायचं, काम झालं की उतरवून घरी न्यायचं, हा त्याचा खरा गुण.

आपल्याकडे शिकारीचा विषयच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाणही येतो. पीक खाणाऱ्या जनावराबद्दलही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काही करता येत नाही. तेव्हा आपण बोलतोय ते फक्त राखणीबद्दल, किंवा आपल्याच मालकीच्या बागेत पक्षी-जनावरं बघायला, फोटो काढायला बसण्याबद्दल. राखीव जंगलातल्या झाडाला यातलं काहीही बांधू नका. २०११ साली जाहीर झालेलं भीमगड अभयारण्य आपल्या उशालाच आहे, आणि तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकणंसुद्धा गुन्हा ठरतो.

आता एक साधी गोष्ट बघा. शिकाऱ्याची जागा रोज बदलते, आपलं खाचर जागचं हलत नाही. क्लाइंबरच्या ज्या गुणासाठी एवढे पैसे मोजायचे, तो गुण राखणीला लागतच नाही. माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो. तरीही वस्तू नीट समजून घेऊ, कारण काहींना ती खरंच उपयोगाची आहे.

क्लाइंबरचे दोन भाग असतात. वरचा बसायचा, खालचा पाय ठेवायचा. दोन्हींतून तारेचा दोर किंवा जाड पट्टा खोडामागून वळवून अडकवतात. वजन पडलं की पुढची दातेरी पट्टी खोडात रुतते आणि मागचा दोर ताणला जातो. वजन काढून भाग जरा वर कलवला की पकड सुटते. वरच्या भागावर बसायचं, पायांनी खालचा भाग ओढून घ्यायचा, उभं राहायचं, मग वरचा भाग सरकवायचा. असं करत माणूस वर जातो. वजन नऊ ते चौदा किलोच्या आसपास, आणि बऱ्याच स्टँडवर ३०० पौंड म्हणजे साधारण १३६ किलोची मर्यादा लिहिलेली असते. त्यात तुमचं, कपड्यांचं, पिशवीचं, सगळं वजन धरायचं.

अडचण येते झाडाची. खोड सरळ हवं, बसायच्या उंचीपर्यंत एकही फांदी नको, आणि जाडी साधारण आठ ते वीस इंच. टेप घेऊन घेर मोजलात तर दोन ते पाच फूट. आता आपल्या बांधावरची झाडं आठवा. आंबा, फणस, जांभूळ, काजू, सगळी फांद्या पसरलेली. साग चालेल, पण त्या जाडीचा आणि खाली फांदी नसलेला. ऐनाची साल खरबरीत, भेगाळलेली, तिथे दाते चांगले बसतात. नाण्याचं खोड दिसायला सरळसोट, पण साल गुळगुळीत आणि पापुद्रे सुटणारी. निलगिरीचंही तेच. कणकुंबीच्या बाजूला पाऊस एवढा असतो की दसऱ्यापर्यंत खोडावर शेवाळ टिकून असतं. अशा सालीवर दाते रुतल्यासारखे वाटतात आणि वजन टाकलं की सरकतात.

आणखी एक बारकावा आहे, तो नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. खोड वर निमुळतं होत जातं. खाली फळी सपाट लावून चढायला लागलात तर वर पोचेपर्यंत ती पुढे झुकलेली असते. म्हणून सुरुवातीलाच खोडापासून लांबची कड चांगली वर उचलून लावायची, म्हणजे वर गेल्यावर ती सपाट येते. वर पोचल्यावर दोर घट्ट करू म्हणून तिथे खटपट करत बसू नका. खाली उतरा, पुन्हा लावा. आणि दोन्ही भाग एकमेकांना दोरीने बांधलेले हवेतच. पायातला भाग निसटून खाली गेला आणि दोरी नसली, तर तुम्ही वरच्या खुर्चीवर अडकलात.

शिडी-स्टँड म्हणजे वर बसायची चौकट आणि खाली जोडलेली लोखंडी शिडी, पट्ट्यांनी झाडाला आवळलेली. उंची साधारण बारा ते अठरा फूट. जड असतो, उभा करायला दोघं-तिघं लागतात, आणि एकदा लावला की हंगामभर तिथेच. झाड अगदी सरळ नसलं तरी चालतं. चांगला वेल्डिंगवाला तो इथेच बनवून देईल, फक्त शिडी खोडाला मधेही टेकेल असा आडवा आधार सांगून घालून घ्या, नाहीतर चढताना मधोमध लवते. पट्टे दरवर्षी सोडून नव्याने बांधायचे. झाड वाढतं, आणि उन्हापावसात नायलॉन विरतं. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला क्लाइंबरची उठबस झेपत नाही, शिडी झेपते.

आणि माळा. चार मेढी किंवा झाडाचा चांगला बेचका, आडवे वासे, त्यावर मेस बांबूच्या काठ्या अंथरून बांधलेल्या, वर ताडपत्री नाहीतर गवत. आठ-दहा फूट उंची पुरते. दोन माणसं बसतात, एक झोपतो, एक जागा राहतो. ही एकच गोष्ट मला बाकी सगळ्यापेक्षा मोठी वाटते. क्लाइंबर बनलाय दिवस उगवताना नाहीतर मावळताना तीन-चार तास डोळे उघडे ठेवून बसणाऱ्यासाठी. राखण असते रात्रभराची, दिवसभर शेतात राबलेल्या माणसाची, आणि पहाटे दोन-तीनला डोळा लागणारच. दीड-दोन फुटांच्या खुर्चीवर, वीस फूट उंच, एकट्याने पेंगणं म्हणजे जिवाशी खेळ. माळ्यावर कूस बदलायला जागा असते, शेजारी हाक मारायला माणूस असतो, डबा वाजवायला हात मोकळे असतात.

माळ्यात दोष नाहीत असं नाही. मेढीचं जमिनीतलं टोक वाळवी पोखरते, म्हणून पुरण्याआधी ते भाजून डांबर लावायचं. दोरीचे बांध दरवर्षी नवे घालायचे, मागच्या वर्षीच्या दोरीवर विसंबायचं नाही. बांबू आपल्या रानातला किंवा विकत घेतलेला, जंगलातून तोडून आणलेला नको. आणि फांद्यांचे खुंट ठेवून केलेली एकेरी बांबूची शिडी दवाने ओली झाली की पाय सटकतो. त्या जागी दोन दांड्यांची शिडी ठेवा आणि वरून बांधा.

नारळावर चढायचं यंत्र आहे, त्यावरच बसलो तर चालेल का, असंही काहीजण विचारतात. केरळातल्या चेंबेरी गावाच्या नावाने ओळखलं जाणारं मॉडेल म्हणजे डाव्या-उजव्या पायाला एकेक तारेचा फास, उभ्याने चढायचं. दुसऱ्या प्रकारात बसायला छोटी गादी असते. दोन्ही नारळाच्या खोडाच्या मापाची आहेत, वर जाऊन नारळ काढून खाली येण्यासाठी. त्यावर रात्र काढायची नाही.

आता पट्ट्याबद्दल, आणि इथे मी कुणाचं ऐकून घेणार नाही. तिन्हींपैकी काहीही निवडा, आधी पूर्ण अंगाचा सेफ्टी हार्नेस घ्या. कमरेचा पट्टा नको, पडल्यावर तो पोटावर नाहीतर छातीवर चढतो आणि श्वास कोंडतो. इमारतीच्या कामावरचे लोक वापरतात तो, आयएस ३५२१ छापलेला हार्नेस बेळगावात सेफ्टीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. बसल्यावर डोक्याच्या वर खोडाला बांधायचा आणि दोर जवळजवळ ताठ राहील एवढाच ठेवायचा. दोर जेवढा लांब आणि सैल, तेवढं माणूस जास्त खाली पडतो. पडायचा धोका मोठा असतो तो चढताना, उतरताना आणि शिडीवरून फळीवर पाय टाकताना, म्हणून पाय जमिनीवरून उचलल्यापासून दोर अडकवलेला हवा. वरून खाली सोडलेल्या जाड दोरावर प्रुसिक गाठ (हाताने सरकते, पण वजन पडलं की आवळते ती) सरकवत चढलं की ते साधतं. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकून राहिलं तर पायांत रक्त साचतं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. पाय टेकून उभं राहता येईल असा दोरीचा फास खिशात ठेवा. फोन छातीच्या खिशात, पिशवीत नको. बॅटरी, पाणी, डबा हे सगळं वर गेल्यावर दोरीने ओढून घ्यायचं.

उंचीबद्दल गैरसमज नको. गवा, डुक्कर वर येत नाहीत, पण अस्वल आणि बिबट्या झाडावर चांगले चढतात. आणि हत्ती आलाय अशी बातमी गावात असेल तर त्या रात्री कशावरच बसू नका. तिलारी-चंदगडकडे गेलेले हत्ती कर्नाटकातल्या जंगलातूनच गेले, तेव्हा ही भीती पोकळ नाही. मेढीला हत्तीने अंग घासलं तरी माळा खाली येतो. चढायच्या आधी बॅटरी मारून फांद्या बघून घ्या. ओंबील मुंग्यांचं पानांचं घरटं किंवा आग्या मोहोळ असलेलं झाड त्या हंगामापुरतं सोडून द्यायचं.

मग घ्यायचं काय? भाताची नाहीतर उसाची रात्रीची राखण असेल तर माळा, दोन माणसांचा. पैसे जास्त असतील तर ते छपरावर आणि हार्नेसवर घाला. कायमच्या बागेत, काजू-सुपारीत, संध्याकाळचे दोन-तीन तास एकट्याने बसायचं असेल आणि चांगलं एक झाड असेल, तर शिडी-स्टँड. क्लाइंबर मी एकाच माणसाला घ्यायला सांगेन: ज्याला आपल्या किंवा ओळखीच्याच्या सागाच्या लागवडीत जागा बदलत फोटो काढायचेत, वजन बेताचं आहे, गुडघे धड आहेत, आणि जो पहिले काही दिवस जमिनीपासून दोन-तीन फुटांवरच चढउतार करून हात बसवायला तयार आहे.

वापरलेला स्टँड स्वस्तात मिळत असेल तर तारेचा दोर बोटांनी चाचपून बघा, वरचं प्लॅस्टिकचं आवरण सोलून आत गंज आहे का तेही बघा. वेल्डिंगच्या सांध्यांवर रंग नवा दिसला तर खरवडून खाली तडा नाही ना याची खात्री करा. आणि हार्नेस मात्र जुना घेऊच नका, कुणी फुकट दिला तरी.