गिटचा पार्शल क्लोन काही महिने वापरल्यावर: नुसता आकार विचारला तरी सर्व्हरवर ताण का येतो

आमची गिट रेपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा सगळा इतिहास जपणारं कोठार, अवाढव्य आहे. कोडसोबत डिझाइनच्या फाइली, टेस्टचा डेटा, जुन्या बायनरी असं सगळं वर्षानुवर्षं तीतच साठत आलंय. गिट सर्व्हर ऑफिसमध्येच आहे आणि त्याची देखभाल माझ्याकडे, त्यामुळे क्लाएंटची आणि सर्व्हरची अशी दोन्ही अंगं बघायला मिळाली.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. सर्व्हरवरून रेपॉझिटरीची प्रत घेणं म्हणजे क्लोन, आणि काही भाग मागे ठेवून घेतलेली प्रत म्हणजे पार्शल क्लोन. ब्लॉब-नन फिल्टर लावून क्लोन केलं की सगळे कमिट (बदलांच्या नोंदी) आणि ट्री (फोल्डरांच्या याद्या) येतात; ब्लॉब, म्हणजे फाइलींचा मजकूर, लागेल तेव्हाच उतरतो. सर्व्हरवर 'अपलोडपॅक.अलाउफिल्टर' चालू केलं की झालं. नव्या माणसाचा पहिला अर्धा दिवस क्लोनमध्ये जायचा, तो वाचला. चेकआउटच्या वेळी, म्हणजे फाइली कामाच्या फोल्डरमध्ये मांडताना, गिट हव्या त्या ब्लॉबची यादी करून एकदमच मागतो, तिथे काहीच तक्रार नाही.

घोळ होतो तो फाइलचा आकार विचारल्यावर. ट्री ऑब्जेक्टमध्ये मोड, नाव आणि हॅश (मजकुरावरून काढलेली ओळख) असतो, आकार नसतो. त्यामुळे ट्रीतली यादी दाखवणारं 'गिट एलएस-ट्री' आकारासकट चालवलं की जो ब्लॉब आपल्याकडे नाही, त्याचा आकार सांगण्यासाठी गिट तो अख्खा उतरवून घेतो. चारशे एमबीची फाइल आहे एवढंच कळायला चारशे एमबी! आणि हे एकेक करून चालतं. दर ब्लॉबमागे नवा फेच (सर्व्हरकडून मागवणं), नवं कनेक्शन, सर्व्हरवर मागणी पुरवणारी नवी अपलोड-पॅक प्रोसेस आणि तिने सुरू केलेली, ऑब्जेक्ट बांधून देणारी पॅक-ऑब्जेक्ट्स.

मोठ्या फाइली हुडकणारी आमची एक स्क्रिप्ट रात्री चालते. पॅकेट ट्रेस (क्लाएंट आणि सर्व्हरमधल्या संवादाची नोंद) लावून ती पाहिली: फेच, एक वाँट (एका ब्लॉबची मागणी), डन, पुन्हा फेच, एक वाँट, डन. बहुतेक फाइली चिमुकल्या, त्यामुळे नेटवर्क जवळजवळ रिकामं होतं, पण सर्व्हरवर चालू प्रोसेस दाखवणाऱ्या 'टॉप'मध्ये क्षणभर जगणाऱ्या प्रोसेसची रीघ लागलेली आणि सीपीयू भरलेला. ताण बाइटांचा नव्हता, विनंत्यांच्या संख्येचा होता. २०१६ साली गिटहबवर कोकोपॉड्स या लायब्ररी व्यवस्थापकाच्या स्पेक्स रेपॉझिटरीवर मर्यादा आली, तेव्हाही शॅलो क्लोनवरचे (फक्त अलीकडचा इतिहास असलेल्या प्रतींवरचे) वारंवारचे फेच सीपीयू खातात हाच मुद्दा होता.

यावरचा उतारा गिटचे क्लाएंट आणि सर्व्हर ज्यातून बोलतात त्या प्रोटोकॉल व्ही२मध्येच आहे. २०२१च्या गिट २.३२पासून सर्व्हरला 'ऑब्जेक्ट-इन्फो' कमांड कळते. हॅशची यादी पाठवा, समोरून प्रत्येकाचा आकार येतो, मजकूर नाही. पण 'ट्रान्स्फर.अ‍ॅडव्हर्टाइजऑब्जेक्टइन्फो' ही सेटिंग मुळात बंद असते, आणि आमच्या आवृत्तीतली एलएस-ट्री ऑब्जेक्ट-इन्फो वापरत नाही. शेवटी सहकाऱ्याने एचटीटीपीवरून थेट ही विनंती पाठवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला.

ती सेटिंग चालू करायला आमच्याकडे विरोध झाला: कुणी लाखो हॅश एकदम पाठवले तर? शंका रास्त आहे. पॅक फाइली (ज्यांत ऑब्जेक्ट एकत्र बांधून ठेवलेले असतात) विखुरलेल्या असतील तर एकेका हॅशसाठी बऱ्याच इंडेक्स धुंडाळाव्या लागतात. म्हणून आधी रीपॅक करून पॅक एकत्र केले, मल्टी-पॅक-इंडेक्स (सगळ्या पॅकची मिळून एक सूची) बांधला आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये एका विनंतीतल्या हॅशवर मर्यादा घातली. मात्र डेल्टाची (दुसऱ्या ऑब्जेक्टपासूनचा फरक म्हणून साठवलेल्या रूपाची) साखळी उलगडावी लागेल ही भीती अनाठायी आहे. ऑब्जेक्टचा अंतिम आकार डेल्टाच्या सुरुवातीलाच नोंदलेला असतो, तेवढा भाग वाचला की भागतं. दर ब्लॉबमागे पॅक बांधून पाठवण्याच्या मानाने हे काम किती हलकं आहे, ते आमच्या रात्रीच्या आलेखावर सरळ दिसलं. माझं मत पक्कं आहे: ज्या सर्व्हरवर पार्शल क्लोनला परवानगी आहे, तिथे ऑब्जेक्ट-इन्फोही चालू असावं. ते बंद ठेवल्याने विचारणारे थांबत नाहीत, ते महागड्या वाटेने येतात.

कुठली ओळ कुणी बदलली ते सांगणाऱ्या ब्लेमचा त्रास वेगळा. फाइलच्या जुन्या आवृत्त्या तो एकेक करून मागतो. मार्च २०२५च्या गिट २.४९मध्ये 'गिट बॅकफिल' आलं. ते राहिलेले ब्लॉब मोठ्या गठ्ठ्यांनी आणतं. ज्यांना इतिहास सतत चाळावा लागतो त्यांनी ते एकदा चालवून घ्यावं. ट्री-झीरो फिल्टरच्या वाटेला मात्र रोजच्या कामासाठी जाऊ नका, त्यात ट्रीसुद्धा मागून आणाव्या लागतात.

सीआयच्या (कोडच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्यांच्या) जॉबमध्ये चेकआउट झाल्यावर आम्ही 'गिट_नो_लेझी_फेच' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एकवर ठेवतो. मग कुठलंही टूल नसलेला ब्लॉब परस्पर मागवू शकत नाही, आणि आकार कोण विचारतंय ते लॉगमध्ये लगेच सापडतं.