मानेसाठी मेमरी फोमची उशी: अखंड की तुकड्यांची?

मान आखडून उठायचा त्रास असेल तर मेमरी फोम घ्या असं सगळे सांगतात, पण त्यातही दोन प्रकार आहेत आणि फरक खरंच जाणवतो. एक म्हणजे अखंड फोमची, मध्ये खोलगट आणि कडेला उंचवटा असलेली उशी, डोकं खळग्यात बसतं आणि मानेखालची पोकळी भरून निघते. पाठीवर झोपणाऱ्यांना हीच बरी. फक्त उंची फिक्स असते, म्हणजे ती तुमच्या खांद्यांना जुळली नाही तर काही करता येत नाही, आणि थंडीत सुरुवातीला दगडासारखी लागते कारण हा फोम अंगाच्या उष्णतेने मऊ होतो (१९६६ मध्ये नासासाठी विमानाच्या सीटकरता बनवलेला हा फोम).

दुसरी तुकडे भरलेली, चेन उघडून दोन मुठी काढल्या की उंची कमी, हवा खेळते म्हणून गरमही कमी होते. कुशीवर झोपत असाल तर मी हीच घ्या म्हणेन, कारण खांदा ते कान हे अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं. पण रात्रीत तुकडे सरकतात, रोज थोपटून सारखी करावी लागते.

घेतल्यावर कुशीवर झोपून कोणाला तरी मागून फोटो काढायला सांगा, मान आणि पाठीचा कणा एका रेषेत दिसले पाहिजेत. हात बधिर होत असेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र उशी बदलत बसू नका, डॉक्टरला दाखवा.