पहिलं होम थिएटर घेताय? टॉवर, बुकशेल्फ, रेडीमेड सेट की साउंडबार

पहिल्यांदा होम थिएटर घ्यायला निघालेला माणूस हमखास एकच विचारतो, किती वॅटचं आहे? मीही तेच विचारलं होतं आणि खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा छापलेला रेडीमेड ५.१ सेट उचलून आणला, पाच छोटे प्लास्टिकचे स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खालचे खोल सूर (बेस) वाजवणारा डबा. पहिल्याच रात्री स्फोट झाला तशी खिडकीची काच थरथरली, घरातले सगळे खूश. मग पुढच्या सीनमध्ये दोन माणसं हळू आवाजात बोलायला लागली आणि कुणालाच काही कळेना, व्हॉल्यूम वाढवला तर लगेच गाडी उडाली, परत घाईघाईनं कमी केला. अख्खा पिक्चर रिमोट हातात धरून बघितला. म्हणून कळकळीनं सांगतोय, आधी माणसांचं बोलणं कसं ऐकू येतंय ते बघा, धूमधडाका नंतर.

असं का होतं ते समजलं की निवड अर्धी झालीच. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो (हर्ट्झचा आकडा जितका लहान तितका सूर खोल). मुठीएवढ्या स्पीकरला एवढं खाली जाताच येत नाही, त्यामुळे तो भाग सबवूफरकडे ढकलावा लागतो. म्हणजे एकाच माणसाच्या आवाजाचा वरचा भाग टीव्हीखालून येतो आणि खालचा भाग कोपऱ्यातल्या डब्यातून. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, पण १५०-२०० ला चांगलंच कळतं. रेडीमेड सेटमध्ये बोलणं पोकळ आणि घुमल्यासारखं वाटतं त्याचं एक मोठं कारण हे. शिवाय काही सेटमध्ये वायरचे प्लगच वेगळे असतात, पुढे एखादा चांगला स्पीकर जोडू म्हटलं तरी जमत नाही. जागा फारच कमी असेल आणि पाचही बाजूंनी आवाज हवाच असेल तरच याचा विचार करा, मी परत घेणार नाही.

साउंडबारला नावं ठेवायची फॅशन आहे पण मला ते पटत नाही. टीव्हीच्या स्वतःच्या पाठमोऱ्या पातळ स्पीकरपेक्षा तो कितीतरी बरा, एका एचडीएमआय केबलनं काम होतं, घरातल्या आजीलाही लावता येतो. भाड्याचं घर असेल, भिंतीला भोक पाडायचं नसेल, तर बिनधास्त घ्या, फक्त सेंटर चॅनेल, म्हणजे बोलण्यासाठीचा मधला स्पीकर, वेगळा असलेला बघा. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. डावा-उजवा आवाज फार लांब पसरत नाही कारण दोन्ही स्पीकर एकाच पट्टीत आहेत, आणि आतला ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा भाग, बिघडला की स्पीकरसकट सगळंच बसतं. साध्या पॅसिव्ह (आत ॲम्प्लिफायर नसलेल्या) स्पीकरचं तसं नाही, रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायरचा डबा, दोनदा बदलाल पण स्पीकर तेच राहतील.

आता खरी चुरस. टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, घ्यावे की बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर, आणि सोबत सबवूफर?

टॉवर दिसायला भारी, यात वाद नाही. मोठी खोली असेल, लांब बसून जोरात ऐकायचं असेल, किंवा गाणी ऐकताना सबवूफर बंदच ठेवायचा असेल तर टॉवरच. पण होम थिएटरमध्ये बहुतेक जण रिसीव्हरला सांगतात की ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे पाठव (सुरुवातीला तुम्हीही तेच सेटिंग ठेवा), आणि तसं केलं की टॉवरच्या ज्या खोल बेससाठी जास्तीचे पैसे मोजले तोच भाग तो वाजवत नाही. साडेसहा इंची वूफरचा (स्पीकरमधला खालचे सूर वाजवणारा गोल भाग) चांगला बुकशेल्फ ८० पर्यंत आरामात उतरतो. आणि बेसला सगळ्यात बरी जागा बहुतेक वेळा टीव्हीशेजारी नसते, सबवूफर वेगळा असेल तर तो खोलीत हवा तिथं सरकवता येतो, टॉवरचा बेस मात्र टॉवर जिथं उभा तिथंच. म्हणून मध्यम खोली आणि पहिलंच होम थिएटर असेल तर माझं मत बुकशेल्फ आणि सबवूफर. एक मात्र मान्य करावं लागेल, बुकशेल्फ नाव असलं तरी पुस्तकांच्या कपाटात कोंबायचे नसतात, स्टँडवर ठेवले की जमिनीवर जागा टॉवरएवढीच खातात.

सेंटर स्पीकरवर कंजूषी नको. पिक्चरमधलं बहुतेक बोलणं त्यातूनच येतं. शक्यतो डाव्या-उजव्याच्याच मालिकेतला घ्या, नाहीतर एखादं पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत जाताना मध्येच त्याचा आवाज बदलतो. दोन वूफर दोन बाजूंना आणि मध्ये ट्वीटर (वरचे बारीक सूर वाजवणारा छोटा भाग) अशी आडवी रचना खूप दिसते, तिच्यात समोर बसलेल्याला छान ऐकू येतं पण सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला आवाज कधीकधी बसका लागतो. दुकानात ऐकताना समोरून उठून दोन पावलं बाजूला सरका, बोलणं तिथंही स्पष्ट राहिलं तर तो सेंटर चांगला. बजेट आत्ता पुरत नसेल तर मागचे स्पीकर नंतर घ्या, समोरचे तीन आणि सबवूफर आधी. मागचे दोन स्पीकर आले की कानांच्या किंचित मागे, बाजूला ठेवायचे, समोरून मोजलं तर १०० ते १२० अंशात.

कागदावरचे आकडे बघायचेच असतील तर पीएमपीओ वॅट (खोक्यावर फुगवून छापलेला पॉवरचा आकडा) सोडून द्या, त्याला काही अर्थ नाही. सेन्सिटिव्हिटी बघा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, म्हणजे किती जोरात आवाज, असा तो आकडा असतो, आणि ३ डेसिबल वाढवायला दुप्पट पॉवर लागते. म्हणजे ८४ चा स्पीकर ८० वॅटवर जेवढा वाजेल तेवढा ९० चा स्पीकर २० वॅटमध्ये वाजतो, ॲम्प्लिफायर मग उगाच दमत नाही. साध्या रिसीव्हरवर ४ ओहमचे स्पीकर टाळा, ६ किंवा ८ बरे (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, तो कमी तेवढा ॲम्प्लिफायरवर भार जास्त). फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सपुढे (स्पीकर किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत वाजतो तो आकडा) अधिक-उणे ३ डेसिबल असं लिहिलेलं नसेल तर तो आकडा धरू नका, नुसतं ४० ते २०००० कुणीही छापू शकतं.

ऐकताना एक मोठा घोळ होतो. दोन स्पीकरपैकी जो जरासा जोरात वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, अगदी एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी. तेव्हा दोन्हीचा आवाज आधी सारखा करून घ्या, फोनवरचं डेसिबल ॲप एवढ्यासाठी चालतं. ओळखीचा आवाज लावा, बातम्या वाचणारा पुरुष, गाणारी बाई. 'स' आणि 'श' कानाला टोचतायत का, माणूस पिंपात बसून बोलतोय असं वाटतंय का, आणि अगदी कमी व्हॉल्यूमवरही शब्द कळतायत का, कारण रात्री सगळे झोपल्यावर तुम्ही तसंच ऐकणार आहात. पहिल्या दोन मिनिटांत चकचकीत वाटणारा स्पीकर तासाभरानं डोकं उठवतो, म्हणून वेळ काढून ऐका, दुकानदार घाई करत असला तरी.

घरी आणल्यावर सबवूफर कुठं ठेवायचा हे ओळखायची युक्ती थोडी गमतीशीर दिसते पण काम करते. सबवूफर चक्क सोफ्यावर ठेवा, बेसवालं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेनं रांगत फिरा, जिथं बेस भरीव आणि सगळे सूर सारखे ऐकू येतात तिथं सबवूफर ठेवायचा. कोपऱ्यात जोर जास्त मिळतो पण घुमतोही जास्त.

आणि वायर जोडताना लाल ते लाल, काळी ते काळी. एका स्पीकरची उलटी जोडली गेली तर स्पीकर वाजतो, पण दोघांच्या मधोमध उभं राहिलेलं गाणं विस्कटतं आणि बेस पातळ होतो. फक्त समोरचे दोन लावून एकाच माणसाचं बोलणं ऐका, आवाज बरोबर मधून येतोय असं वाटायला हवं. तसं वाटत नसेल तर स्पीकर परत करायला निघण्याआधी मागे वाकून ती वायर बघा.